प्रॉम्प्टरच्या कानात

“अख्ख्या डेपोच्या बसगाड्या मी वेळेवर सोडते! घरातल्या एका डोळ्यात वेळेवर थेंब पडतील, एवढं मला बघता येणार नाही?”

सूनबाई हे म्हणाली तेव्हा तिच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात सासऱ्यांचा फोन. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “बघ बाई!” हा माणूस संकटाच्या तोंडावर नेहमी एवढंच म्हणतो, आणि वैताग असा की नेहमी खरा ठरतो!

झालं होतं असं. सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, एकही चुकवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुरुवातीला सूनबाईने रजा काढली आणि चारही वेळा स्वतः थेंब घातले. पण रजा काय जन्माला पुरते? सकाळचे आणि रात्रीचे थेंब तिच्या हातात राहिले. मधल्या दोन वेळांचं काय? तिने ठरवलं, फोनच आठवण करून देईल. तंत्रज्ञान कशासाठी आहे मग!

शिवाय तिने शब्द दिला होता. सासरे आयुष्यभर एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची, आणि नट अडला की हळूच वाक्य पुरवायचं. हजारो प्रयोग झाले, पण सगळे बाजूने पाहिले. राजाचं काम करणाऱ्या नटाला सगळे ‘राजे’ म्हणत. त्या राजेंचा उजवा कान आणि राणीची पाठ, एवढंच नाटक त्यांच्या वाट्याला आलं. आता कंपनी तेच जुनं नाटक पुन्हा करणार होती आणि सासऱ्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती. डोळ्यावर पट्टी असताना ते सूनबाईला म्हणाले होते, “एकदा समोरून बघायचंय गं.” इतकं भीतभीत, की जणू सोन्याची पाटली मागताहेत. सूनबाईने लगेच त्यांचा हात धरला. ती म्हणाली, “बघालच बाबा! माझ्यावर सोडा.”

आणि बाबांनी तिच्यावर सोडलं.

पहिल्या दिवशी तिने फोनमध्ये छान ठणठणीत घंटा लावली, बंद केली नाही तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वाजणारी. संध्याकाळी घरी येऊन बघते तर काय, घरात काळोख! सोफ्यावर सासूबाई आणि सासरे शेजारी शेजारी, फोटो काढायला बसल्यासारखे गप्प.

“दिवे गेले का?”

“शूऽऽऽ!” सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “तिसरी घंटा झाली.”

“तिसरी झाल्याबरोबर ह्यांनी दिवे घालवले,” सासूबाई कुजबुजल्या. “मला म्हणाले, आता जागेवरून हलायचं नाही. चहासुद्धा करू देईनात!”

“अहो बाबा, पण थेंब?”

“तिसऱ्या घंटेनंतर कसले थेंब? पडदा वर जातो!”

सूनबाईने कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती. ज्या माणसाने आयुष्यभर तिसऱ्या घंटेला श्वास रोखला, त्याला घंटा लावून वर कामाची अपेक्षा करायची! ठीक आहे. घंटा रद्द! दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायात चप्पल घालता घालता तिने आपल्याच आवाजात निरोप भरला: “थेंबांची वेळ झाली. आडवं व्हायचं, वर बघायचं, एक थेंब घालायचा आणि डोळा मिटून पडायचं.” सासऱ्यांना हुकूम कसा सोडायचा, म्हणून तिने कोणाचं नावच घेतलं नाही. “बाबा, आता घंटा नाही. मीच बोलेन,” एवढं सांगून ती धावत सुटली.

आणि काय सांगावं, जादू झाली! डेपोतून फोन केला की सासरे खणखणीत आवाजात सांगायचे, “पडले! अगदी वेळेवर पडले!” बाटली भराभर उतरत होती. सूनबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. डेपोत तिने हे इतक्या जणांना सांगितलं, की ड्रायव्हर मंडळी आपापल्या आईबापांचे फोन घेऊन तिच्या टेबलापाशी रांग लावू लागली. ती चष्मा सावरून सल्ला द्यायची, “घंटा लावू नका. आपल्या माणसाचा आवाज लावा!”

मग आली तपासणी.

डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांच्या डोळ्यात उजेड टाकला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “सूज आहे की अजून! थेंब घालताय ना?”

“घालतोय!” सासरे छाती पुढे काढून म्हणाले. “एकही चुकवला नाही!”

“मग असं कसं?” डॉक्टरीणबाई वळल्या आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघतच राहिल्या. “तुमच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं ना? आज काय लखलखीत दिसताहेत!”

सासूबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या. सूनबाईने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं.

“बाबा... दुपारचे थेंब कोणाच्या डोळ्यात घालत होतात?”

“कोणाच्या म्हणजे? हिच्या!”

डॉक्टरीणबाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली.

“अगं, माझे थेंब तू घालतेस ना, सकाळी आणि रात्री?” सासरे समजावू लागले. “मग फोनमधून येतात ते हिचे! मला वाटलं, सासूला तोंडावर ‘आडव्या व्हा’ कसं सांगणार बिचारी, म्हणून विंगेतून माझ्याकडे वाक्य देतेय. लेकी बोले सुने लागे, तसं सासऱ्याला बोले सासूला लागे! मी लगेच पुढे पोचवत होतो. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही हो!”

“अहो बाबा, ते तुमच्यासाठी होतं!”

सासरे खरोखर चकित झाले. “माझ्यासाठी? उभ्या जन्मात कानावर आलेलं वाक्य कधी माझ्यासाठी नव्हतं.”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरत नव्हतं, पण त्यांनी आवरलं. दुसऱ्याच्या औषधाला पुन्हा हात लावायचा नाही, असं सासूबाईंना दटावून त्यांचेही डोळे नीट तपासले. नशिबाने काही बिघडलं नव्हतं. मग त्या सासऱ्यांना म्हणाल्या, “नाटकाच्या दिवशी सकाळी या. सूज उतरली तर जा. नाही उतरली तर त्या दिव्यांच्या झगमगाटात मी तुम्हाला पाठवणार नाही.”

घरी येताना सासरे खिडकीबाहेर बघत होते. कोणालाही बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, “राजे आता कसे दिसत असतील, नाही?”

सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या गावाला शहाणपण वाटत फिरली, आणि घरात पालथ्या घड्यावर पाणी! घडाही तिनेच पालथा ठेवलेला! स्वयंपाकघरात शिरून तिने सासूबाईंना गाठलं.

“आई, त्यांचं सोडा. तुम्हाला तरी कळायला नको? थेंब तुमचे नाहीत म्हणून सांगायचं ना!”

सासूबाईंनी गॅस बारीक केला. मग पातेल्याकडे बघतच बोलल्या.

“कळत होतं गं थोडंथोडं. पण हे यायचे, माझ्या कानाशी वाकायचे आणि हळूच सांगायचे, आडवी हो, वर बघ. जन्मभर परक्या माणसांच्या कानात बोलत राहिले. घरी आले की घसा दुखायचा, म्हणून गप्प. म्हटलं, चला, उशिरा का होईना, माझा नंबर लागला. कशाला नाही म्हणू?”

सूनबाई रागवायला आली होती, ते विसरूनच गेली. तिने सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकवलं. आणि डोकं टेकवल्याबरोबर त्या डोक्यात प्रकाश पडला.

“आई! आता तुम्ही सांगायचं त्यांच्या कानात!”

फोनमध्ये बोलायचं म्हटल्यावर सासूबाईंनी आधी केस नीट केले. पदर सारखा केला. मग घसा साफ करून म्हणाल्या, “हॅलो?”

“हॅलो नाही म्हणायचं, आई. नुसतं बोलायचं.”

“हॅलो म्हटल्याशिवाय ह्यांना कळणार कसं कोण बोलतंय?”

“तुमचा आवाज त्यांना कळणार नाही?”

हे मात्र सासूबाईंना पटलं. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि अगदी समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या: “अहो, बसा. मान मागे टाका. वर बघा. आता हलू नका हं. मी आहे इथे.”

दुसऱ्या दिवशी सूनबाई दाराआड उभी राहून बघत होती. फोन बोलला. सासरे दचकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वाक्य पुढे द्यायला कोणी आहे का ते शोधलं. मग हळूच खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि छताकडे बघत राहिले. सासूबाईंनी थेंब घातला.

“पहिल्यांदा कोणी मला वाक्य दिलं,” डोळा मिटून सासरे म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. “छान दिलंस गं. घाई केली नाहीस.”

सूनबाईने आता चारही वेळांना सासूबाईंचाच आवाज लावून टाकला. नाटकाच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकला, पुन्हा एकदा वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, “जा! पण रात्रीचा थेंब चुकवायचा नाही!” सासऱ्यांनी तिथल्या तिथे कंपाउंडरशीसुद्धा हात मिळवला!

संध्याकाळी चौघं पहिल्या रांगेत बसले. सासरे इस्त्रीच्या कपड्यांत, सासूबाईंच्या पर्समध्ये थेंबांची बाटली. ‘फोन बंद ठेवा’ अशी सूचना झाली, तेव्हा सूनबाईने अगदी जबाबदारीने सगळ्यांच्या फोनचे आवाज घालवले. तिसरी घंटा झाली. सासऱ्यांनी श्वास रोखला. पडदा वर गेला आणि त्यांनी जो ‘हां’ केला, तो ऐकून सूनबाईला वाटलं, डेपोतल्या सगळ्या गाड्या उशिरा सुटल्या तरी आता हरकत नाही.

नाटक रंगलं. शेवटचा प्रवेश आला. राज्य गेलेलं, राणी रागावून निघालेली, आणि सिंहासनासमोर उभ्या राजाचं लांबलचक भाषण. राजे पुढे आले, हात उंचावला आणि थांबले.

लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! सासऱ्यांना मात्र कळलं. वाक्य गेलं होतं. हल्ली विंगेत कोणी बसत नसे, राजेंच्या कानात बारीकसं यंत्र असे, आणि ते यंत्र नेमकं आजच मेलं होतं. राजेंनी सवयीने विंगेकडे पाहिलं. सासऱ्यांचे ओठ हलू लागले. वाक्य पाठ होतं हो त्यांना! सूनबाईने त्यांच्या हातावर हात ठेवला. “बाबा, आज तुम्ही प्रेक्षक आहात,” ती कुजबुजली. सासऱ्यांनी ओठ गच्च मिटले, पण डोळ्यांत पाणी आलं. थिएटरमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

टाचणी पडली नाही. सासऱ्यांच्या खिशातला फोन बोलला!

आवाज घालवला की फोनची घंटी गप्प बसते. लावून ठेवलेली आठवण बसत नाही! हे सूनबाईला त्या क्षणी, भर थिएटरात, पहिल्या रांगेत समजलं.

“अहो, बसा,” सासूबाईंचा आवाज शांतपणे म्हणाला.

राजे सिंहासनावर बसले! आयुष्यभर अंधारातून आलेलं वाक्य मुकाट्याने मानलेला माणूस तो, दुसरं काय करणार?

“मान मागे टाका. वर बघा.”

राजेंनी मान मागे टाकली आणि वर बघितलं. वरचा दिवा बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर पडला.

“आता हलू नका हं. मी आहे इथे.”

राणी दारापर्यंत पोचली होती. बाई हुशार. ती तिथेच थबकली, परत आली आणि राजाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. जन्मात कधी न परतलेली राणी त्या दिवशी परतली! पडदा पडला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मागच्या रांगेतल्या एक बाई हुंदके देत म्हणत होत्या, “काय शेवट केलाय मेल्यांनी!”

सूनबाई खुर्चीत इतकी खाली घसरली होती, की बाहेरून फक्त तिचा अंबाडा दिसत होता.

पडद्यामागून राजे धावतच खाली आले. मुकुट तिरका, घाम निथळतोय. त्यांनी सासऱ्यांना मिठीच मारली.

“वाचवलंत! आणि वाक्य काय दिलंत हो! भाषणापेक्षा भारी! सांगा ना, समोरून कसं दिसलं?”

सासरे एक डोळा मिटून उभे होते. गालावर सासूबाईंनी नुकत्याच घातलेल्या थेंबाचा ओघळ.

“काय सांगू राजे,” ते ओशाळून म्हणाले, “मी वर बघत होतो.”

म्हणजे बघा! सारा जन्म बाजूने पाहिलेलं नाटक, एकदाच समोरून बघायला मिळालं, आणि त्यातला कधी नव्हे तो झालेला शेवट बाबांनी छताकडे बघत काढला! सूनबाईला रडू फुटलं. “चुकलं बाबा. आजच्यापुरती आठवण बंद करायला मी विसरले.”

“वेडी का तू!” सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “सगळं दिसलं की! राणीचा चेहरा दिसला. आणि एक गंमत सांगू? राजेंना डावा कानही आहे!”

राजे गदगदून हसले. “पुढच्या प्रयोगाला पुन्हा समोर बसा. शेवट आता हाच ठेवतो. पण वहिनींना घेऊन या, माझ्या यंत्राचा भरवसा नाही!”

सूनबाईने तिथल्या तिथे डोळे पुसले आणि स्वतःचा फोन काढला. “पुढच्या वेळी नाही हं चुकणार!” ती ठासून म्हणाली. “बाबांची आठवण बंद करायची, याची मी मलाच आठवण लावून ठेवते!”

नवरा सासूबाईंची पर्स सांभाळत उभा होता. तो म्हणाला, “बघ बाई!”