शंभर फुटांच्या आत

मतदानाच्या दिवशी सकाळी व्हर्लिन क्रेब्जने सगळ्यात आधी कोणाला केंद्राबाहेर काढलं असेल, तर स्वतःच्या बायकोला.

"डोरीन, कोटावरचा प्रचाराचा बिल्ला काढ, नाहीतर झेंड्यांच्या पलीकडे जा."

"मी कामावर आलेय. अॅम्ब्युलन्सची किल्ली आत आहे."

"किल्ली घे. बिल्ला काढ."

"आणि नाही काढला तर?"

"तर मला केंद्राध्यक्ष म्हणून बोलावं लागेल."

"मग आत्ता कोण बोलतंय? नवरा? नवरा तर माझ्याशी कधीचा बोलत नाहीये!"

हे काही पूर्ण खरं नव्हतं. बोलणं डोरीननेच टाकलं होतं. आमच्या लोअर फोर्क गावात अग्निशमन केंद्राच्या एका अर्ध्या भागात बंब आणि रुग्णवाहिका उभ्या असतात आणि निवडणुकीला दुसऱ्या अर्ध्या भागात मतदान होतं. केंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही, म्हणून तेवढ्या अंतरावर दोन छोटे झेंडे रोवतात. इतर गावांत ते अंदाजाने रोवत असतील. व्हर्लिन फीत लावून मोजायचा आणि थंडीत फीत आखडली असेल या शंकेने पुन्हा मोजायचा. या माणसाच्या घरात अठ्ठावीस वर्षं कशी काढली असतील त्या बाईने, देव जाणे.

निवडणूक तशी प्राथमिक, म्हणजे प्रत्येक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची होती. पण ओहायोची पाळी येईपर्यंत बाकीच्या राज्यांनी त्याचा निकाल लावून टाकला होता. हरलेले केव्हाच घरी गेले होते, मतपत्रिकेवर त्यांची नावं तेवढी मागे राहिली होती. त्यानंतर राज्याच्या घटनादुरुस्तीचा एक प्रस्ताव होता. तो दीड पान लांब होता आणि कोणी शेवटपर्यंत वाचला असेल असं वाटत नाही. गाव पेटलं होतं ते मतपत्रिकेवरच्या तिसऱ्या क्रमांकाच्या प्रस्तावावरून: गावच्या रुग्णवाहिकेसाठी कर द्यायचा की नाही?

कर नामंजूर झाला तर उन्हाळ्यात रुग्णवाहिका बंद होणार होती. मग गाडी जिल्ह्याच्या गावाहून येणार. ती येईपर्यंत पेशंट एकतर आपोआप बरा होईल, नाहीतर त्याला गाडीची गरजच उरणार नाही, असं डोरीन म्हणायची. बावीस वर्षं ती रुग्णवाहिकेच्या पथकात बिनपगारी राबत होती. जेवणाच्या ताटावरून उठून जायची, लोकांना जिवंत घेऊन जायची आणि बहुतेकांना जिवंत परत आणायची. हे बंद पडलं तर मी काय करू, असं तिने एकदा व्हर्लिनला विचारलंही होतं. आणि नंतर कुंपणापाशी शेजारच्या नॉर्बर्ट ऑल्टला तो सांगत होता, "नवीन कराला मी आजवर हो म्हटलेलं नाही, आताही म्हणणार नाही." स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. अबोला त्या दिवसापासूनचा.

बिल्ल्यानंतर केकचं प्रकरण झालं. मतदानाच्या दिवशी चर्चच्या बायका दाराशी टेबल मांडून केक विकतात, ही जुनी पद्धत. डोरीनच्या चेरीच्या केकांवर साखरेने मोठ्ठा तीनचा आकडा काढलेला होता.

"हा प्रचार आहे," व्हर्लिन म्हणाला.

"तिसरा केक आहे, म्हणून तीन."

"मग पहिल्यावरही तीनच कसा?"

"मोजताना चुकले."

व्हर्लिनने गंभीरपणे हेझलबाईंकडे पाहिलं. हेझलबाई म्हणजे मतदानाच्या टेबलावरच्या, दुसऱ्या पक्षाच्या अधिकारी. गावातल्या झाडून सगळ्यांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं, व्हर्लिनलाही. दोन्ही पक्षांचं एकमत झाल्याशिवाय काही करायचं नाही असा नियम. बाईंनी चष्मा पुसला, सुरी घेतली आणि सगळे आकडे खरवडून काढले. खरवडलेली साखर पुरावा म्हणून ठेवायची का, असं व्हर्लिनने विचारलं तेव्हा बाई ती खाऊन बसल्या होत्या.

दुपारनंतर नॉर्बर्ट आला. विरोधी बाजूचा म्होरक्या. 'आणखी कर नको' या त्याच्या पाट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, झेंड्यांच्या बरोब्बर बाहेर. तो मत द्यायला आला नव्हता, तक्रार घेऊन आला होता.

"त्या अॅम्ब्युलन्सच्या मागच्या काचेवर काय लिहिलंय ते वाच."

काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहिलं होतं: 'तीनला हो म्हणा!' शाळेच्या सामन्याआधी पोरं गाड्यांच्या काचा रंगवतात तसं पथकातल्या कोणीतरी रविवारी लिहिलं होतं आणि आता ते घट्ट वाळलं होतं.

"हे इथे आहे तोवर मी मत देणार नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "आणि वर कळवणार."

व्हर्लिनचा चेहरा पडला. केंद्राच्या आत, त्याच्या नाकाखाली, सकाळपासून प्रचार चालू होता!

"डोरीन, गाडी बाहेर काढ. झेंड्यांच्या पलीकडे."

"अरे शुद्धीवर आहेस का? पलीकडे रस्ता आणि चर आहे. उभी कुठे करू, डोक्यावर?"

"माझं शेत आहे की," नॉर्बर्ट म्हणाला. जिंकलेला माणूस उदार होतो. "कर तिथे उभी. फक्त चाकोऱ्या पाडू नकोस."

मार्च महिना. वरवर टणक दिसणारी जमीन आत लोण्यासारखी मऊ झालेली. नॉर्बर्ट स्वतः पुढे होऊन हात हलवत होता: "ये, ये, अजून ये, आणखी थोडी!" आणखी थोडी आली आणि मागची दोन्ही चाकं अर्धी जमिनीत गेली. डोरीन खाली उतरली, चाकांकडे पाहिलं आणि मग नुसतं नॉर्बर्टकडे पाहिलं. त्या बाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं नॉर्बर्ट पुढे म्हणायचा. त्याने जोर लावून गाडी ढकलून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. मग तो कपाळ पुसत मतदानाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कामावरून सुटलेली माणसं आल्यामुळे रांग दारापर्यंत गेली होती. नॉर्बर्टचा नंबर येता येता त्याने गळ्याचं बटण काढलं. मग भिंतीला टेकला. मग खाली बसला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"नॉर्बर्ट?" व्हर्लिन उठला. "अरे नॉर्बर्ट!"

"काही नाही. छातीवर जरा कोणी बसल्यासारखं वाटतंय."

डोरीन धावत आली. नाडी पाहिली, गोळी चघळायला दिली आणि ओरडली, "गाडी काढा! आत्ताच्या आत्ता! सगळ्यांनी चला!"

सगळे निघाले आणि दारात अडले. "व्हर्लिन, आमची रांग?"

तशा अवस्थेतही व्हर्लिनला नियम आठवला. "टोप्या ठेवा," तो म्हणाला. "ज्याची टोपी, त्याची जागा."

अशा रीतीने लोअर फोर्कची रांग जमिनीवर मांडलेल्या टोप्यांची झाली आणि टोप्यांचे मालक नॉर्बर्टच्या शेतात गुडघाभर चिखलात जाऊन गाडीला भिडले. त्यात हो म्हणणारे होते, नाही म्हणणारे होते आणि ढकलताना कोण कोणता हे ओळखता येत नव्हतं. केंद्राध्यक्षाला केंद्र सोडता येत नाही. व्हर्लिन दारात उभा राहून ते पाहत होता. त्याचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. आपल्या मित्राचा जीव त्या चिखलात अडकलाय आणि गाडी तिथे आपण पाठवली, एवढंच त्याला कळत होतं.

गाडी एकदाची निघाली. स्ट्रेचर आलं, नॉर्बर्टला नेऊन आत चढवलं. डोरीनने तारा लावल्या, नाकावर ऑक्सिजन बसवला. तेवढ्यात नॉर्बर्ट म्हणाला, "मी येत नाही."

"काय?"

"मत दिल्याशिवाय येत नाही. मी शुद्धीवर आहे. माझ्या संमतीशिवाय तू मला नेऊ शकत नाहीस. तुमचाच नियम आहे."

नियम खरंच तसा होता. डोरीनने दारातल्या नवऱ्याकडे पाहून हाक मारली, "व्हर्लिन! याची मतपत्रिका इथे आण!"

"आणता येत नाही!" व्हर्लिनचा आवाज फाटला. "आजारी माणसाला गाडीत मत देता येतं, पण गाडी झेंड्यांच्या आत हवी!"

"मग गाडी आत आणते!"

"काचेवर प्रचार आहे! आत येता येत नाही!"

"मग ते झेंडे उपट!"

"डोरीन, ते मोजलेत गं!" व्हर्लिन म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. असल्या वेळी असलं बोलणारा नवरा दुसऱ्या कोणा बाईला मिळाला असेल असं वाटत नाही.

डोरीनने औषधाच्या कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि मागची काच पुसायला लागली. आधी 'म्हणा' गेलं. मग 'हो' गेलं. 'तीन' पुसताना तिचा हात थोडा हळू झाला, पण तेही गेलं. विरोधी मत पडावं म्हणून स्वतःचा प्रचार स्वतःच्या हाताने पुसणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली.

गाडी झेंड्यांच्या आत आली. व्हर्लिन आणि हेझलबाई, दोन पक्षांचे दोन अधिकारी, मतपत्रिका घेऊन मागच्या दाराशी उभे राहिले.

"कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी?" व्हर्लिनने विचारलं. प्राथमिक निवडणुकीत हे तोंडाने सांगावं लागतं.

"माझा पक्ष माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही," नॉर्बर्ट धापा टाकत म्हणाला. "नुसते प्रस्ताव असतात ती दे."

तशीही मिळते. ती दिली. डोरीन ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन पाठ करून बसली. मागून यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, पण पेन्सिलीचा आवाज काही येईना.

"नॉर्बर्ट, झालं का?"

"थांब. राज्याचा प्रस्ताव वाचतोय."

"अरे मेल्या, दीड पान आहे ते!"

"न वाचता मत देत नाही मी."

"नॉर्बर्ट," हेझलबाई म्हणाल्या, "चौथीत तू एकही धडा कधी पूर्ण वाचला नाहीस आणि आज मरताना वाचतोस? खूण कर आणि सुट!"

शाळेतली जरब साठ वर्षांनीही तशीच. दोन खुणा झाल्या, मतपत्रिका लिफाफ्यात गेली, गाडी भोंगा वाजवत सुटली. माणसं परत येऊन आपापल्या टोपीमागे उभी राहिली.

शेवटचं मत नेहमीप्रमाणे व्हर्लिनचं होतं. सगळ्यांचं झाल्याशिवाय आपलं द्यायचं नाही, ही त्याची रीत. एरवी त्याला मिनिटही लागत नाही. त्या दिवशी तो आडोशामागे इतका वेळ बसला की हेझलबाईंनी दोनदा खाकरून पाहिलं.

तिसरा प्रस्ताव एका मताने मंजूर झाला.

नॉर्बर्ट वाचला. आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तो घरी आला तोवर गावाने ठरवून टाकलं होतं की ते एक मत त्याचंच. ज्या गाडीने जीव वाचवला, तिच्यातच झोपून माणूस नाही कसं म्हणेल? लोक वाटेत थांबवून त्याचा हात हातात घेऊ लागले. चर्चमध्ये त्याच्या मनपरिवर्तनावर प्रार्थना झाली.

"मी नाहीच म्हटलंय!" तो ओरडायचा.

"हो, हो," लोक म्हणायचे आणि त्याच्या खांद्यावर थोपटायचे. "कळलं आम्हाला."

शेवटी तो कुंपणापाशी आला. व्हर्लिन पलीकडे खांब ठोकत होता.

"व्हर्लिन, तू होतास तिथे. सांग लोकांना, मी नाहीवरच खूण केली."

"मी पाहिलं नाही. पाहता येत नाही."

"अरे पण मी खरंच..." नॉर्बर्ट थांबला. आपल्या बाजूचं एकेक डोकं त्याला पाठ होतं. "ऐक. मी नाही म्हटलं, तरी प्रस्ताव एका मताने जिंकला. म्हणजे आमच्यातलं कोणीतरी फुटलं."

व्हर्लिनने खांबाची सरळ रेषा तपासली. मग पुन्हा तपासली.

"व्हर्लिन, माझ्याकडे बघ."

"मतदान गुप्त असतं, नॉर्बर्ट."

नॉर्बर्ट त्याच्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि डोरीन बाहेर आली. हातात चेरीचा केक, वर साखरेचा ठसठशीत तीन. नवऱ्याच्या अंगावरून ती तशीच पुढे गेली, जणू तोही कुंपणाचाच एक खांब.

"हा तुझा," ती नॉर्बर्टला म्हणाली. "तू कबूल कर की नको करू. बावीस वर्षांचं काम वाचवलंस माझं. ज्यांनी वाचवायला हवं होतं, त्यांना नियमांतून सवड मिळाली नाही."

नॉर्बर्टने तोंड उघडलं. व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिनने अगदी थोडी मान हलवली: नाही.

"थँक यू, डोरीन," नॉर्बर्ट म्हणाला.

ती आत गेली. नॉर्बर्टने खिशातला चाकू काढला, केकचा मोठा तुकडा कापला आणि कुंपणाच्या खांबावर ठेवला.

"खा. तुझाच आहे."

व्हर्लिनने खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि उभ्या उभ्या सगळा तुकडा खाल्ला.