खोकल्यासकट संथा

आमच्या शनिवार पेठेतले गोविंदभट रोज सकाळी स्नान करून ओट्यावर बसत आणि फिरंग्यांच्या पोथीच्या भाषेतला एक धातू चालवत. "आमो, आमास, आमात," एवढं म्हणून थांबत, दोनदा खोल खोकत आणि मग "आमामुस, आमातिस, आमांत" पुरं करत. भटजींची छाती ठणठणीत होती. खोकला त्यांच्या गुरूचा होता.

गुरू म्हणजे सरकारी तोफखान्यातल्या ख्रिस्ती गोलंदाजांसाठी आलेला गोव्याकडचा म्हातारा पादरी. लातीन भाषेतली क्रियापदं आपल्या संस्कृतासारखीच चालतात, असं कोणीसं भटजींना सांगितलं. ते खोटं पाडायला भटजी तोफखान्यात गेले आणि शिष्य होऊन परतले. मग रोज शिकायला जात आणि येताना नेसत्या धोतरानिशी नदीत बुडी मारून येत. तरी पेठेने त्यांना पंक्तीला बोलावणं सोडलंच.

भटजी वैदिक. गुरुमुखातून आलं ते जसंच्या तसं उचलायचं, ही जन्माची शिस्त. पहिल्याच दिवशी पादरी मध्ये खोकला, तर भटजीही तिथेच खोकले. हे धातूत नाही म्हणून पादऱ्याने परोपरीने सांगितलं. भटजी म्हणाले, "वगळायचा अधिकार शिष्याला नाही."

धातू होता प्रीती करण्याचा. भटजींनी तो कुठल्याही भाषेत चालवल्याचं पेठेत कोणाला आठवत नव्हतं. बायको आणि दोन्ही मुलगे देवीच्या साथीत गेल्यापासून ते कोणाशी धड बोलत नसत. थोरल्याला ते वेदाची संथा देत होते, ती अर्धीच राहिली. मी शेजारी, पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून. मलाही हुंकारापलीकडे काही मिळत नसे.

पावसाळ्यात पादऱ्याने अंथरूण धरलं. भटजी दिवसातून दोनदा जाऊ लागले. एकदा वाटेत थांबून आपणहून म्हणाले, "वर्तमानकाळ तेवढा झाला, निम्मा धातू राहिलाय, नारोपंत. अर्धी संथा पुन्हा नको." आठवड्याने पादरी गेला. धातू अर्धाच राहिला.

गोलंदाजांनी पादऱ्याचं व्याकरणाचं पुस्तक भटजींना आणून दिलं. भटजींनी गुरूचं असतं तेवढं तीन दिवस सुतक पाळलं. पेठेत त्यावरही कुजबुज झाली, तिच्यात मीही होतो. चौथ्या दिवशी ओट्यावरून पुन्हा तेच ऐकू आलं, खोकल्यासकट.

मला राहवेना. जाऊन म्हटलं, "भटजी, आता तो खोकला तरी सोडा. पुस्तक आहे ना तुमच्यापाशी?"

"पुस्तकात शब्द आहेत," ते म्हणाले. "खोकला नाही."

मला माझीच लाज वाटली. दफ्तराची वेळ होत आली होती, तरी जोडे काढून मी समोर मांडी घातली आणि मला संथा द्या म्हटलं. भटजी सरसावून बसले. मग एकेक रूप सांगू लागले. मी मागून म्हणत गेलो, जागच्या जागी दोनदा खोकलोसुद्धा.

"खोकला उथळ झाला," उपरण्याने डोळे पुसत ते म्हणाले. "पुन्हा म्हणा."