ढोमणे मास्तरांची जोडणी

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जबलपूरच्या विजय नगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, अकरा जिवंत माणसांना पडद्यावर कैलासवासी करण्यात आलं. त्यांतले चार जण समोर बसले होते. एक जण भजी खात होते.

ज्यांच्या देखरेखीखाली हे झालं ते नीळकंठ गोपाळराव ढोमणे पडद्याशेजारी उभे होते. वय बहात्तर, हातात हिरवं निशाण, गळ्यात शिट्टी. त्यांनी निशाण खाली केलं, शिट्टी वाजवली आणि मोठ्यांदा म्हणाले, "गाडी थांबवा!"

ढोमणे रेल्वेच्या यार्डात शंटिंग मास्टर होते. डब्याला डबा जोडून गाडी तयार करणं हे त्यांचं काम. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी जोडलेली कोणतीही वस्तू ते ओढून पाहिल्याशिवाय सोडत नाहीत. अधारतालला त्यांच्या घरी गेलात तर चहाच्या कपाचा कान ते स्वतः ओढून पाहतात आणि मगच कप तुमच्या हाती देतात. पाटणला पुतणीच्या लग्नात वधूवरांच्या शेल्याची गाठ बांधून झाल्यावर ते उठले, बोहल्यावर गेले आणि गाठ दोन्ही बाजूंनी ओढली. नवरदेव पुढे झुकला. ढोमणे म्हणाले, "चलो, ठीक आहे," आणि जागेवर येऊन बसले. त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, हा किस्सा सांगताना अजूनही पदराने तोंड झाकतात. "पोरगा बिचारा घाबरून गेला. त्याला वाटलं, हे मला परत घेऊन चालले."

"पहिले जोड, मंग सोड," हे ढोमण्यांचं वाक्य. दिवसातून ते सात-आठ वेळा तरी येतं.

असा माणूस वेब पानं शिकवायला लागला यात वरकरणी विसंगती दिसते. ढोमण्यांना ती दिसली नाही. इंटरनेट म्हणजे मोठं यार्ड आहे, असं ते मानतात. एक बंद पडलेला सायबर कॅफे मंडळाला पाच संगणक देऊन गेला. ते कपड्यानं झाकून ठेवायचे असं कार्यकारिणीचं मत होतं. ढोमण्यांनी पुस्तक आणलं, सहा महिने एकट्यानं अभ्यास केला आणि दर रविवारी दहा ते बारा वर्ग सुरू केला. विद्यार्थी आठ. सगळ्यांत लहान विद्यार्थिनी निवृत्त शिक्षिका मंदाताई बोरकर, वय एकसष्ट. वर्तमानपत्राच्या नोकरीतून सुटलेला मी त्या वर्गात होतो.

पानावर चित्र कसं लावायचं, हे ढोमण्यांनी असं शिकवलं. चित्र पानात नसतं. पानात रिकामी चौकट असते आणि चौकटीला दोन चिठ्ठ्या असतात. पहिलीवर चित्राचा पत्ता, तिला सोर्स म्हणायचं. दुसरीवर चित्राचं वर्णन, तिला ऑल्ट म्हणायचं. चित्र आलं तर दुसरी चिठ्ठी दिसत नाही. नाही आलं तर चौकटीत तीच वाचायला मिळते. फोटो छत्तीस असतील तर चिठ्ठ्या बहात्तर होतात, आणि बहात्तर चिठ्ठ्या हातानं लिहायच्या नसतात. मजकुराचे तुकडे वेगवेगळे ठेवायचे आणि मध्ये अधिकचं चिन्ह घालून जोडायचे.

"हे चिन्ह म्हंजे बेरीज नव्हे, भैया. कपलिंग आहे. एक तुकडा म्हंजे एक डबा. काहून घाबरून राहिले?"

घाबरण्याचं कारण पुढच्या रविवारी आलं. ढोमण्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली आणि आम्हांला हॉलमध्ये एका रांगेत उभं केलं. सर्वांत पुढे मंदाताई: 'फोटो', म्हणजे ज्या फोल्डरात चित्रं आहेत त्याचं नाव. त्यांच्या मागे तिरकी रेघ. तिच्यामागे माणसाचं नाव. शेवटी मी, 'टिंब जेपीजी'. दोन माणसांमध्ये रुमालाची दोन टोकं. रुमाल सुटला की शिट्टी. संपूर्ण पत्ता न तुटता दारापर्यंत चालत गेला की हिरवं निशाण. वर्णनाच्या चिठ्ठीसाठी रांग वेगळी लागे: आधी उपाधी, मग नाव, मग गाव. तिच्यात एक गृहस्थ 'मोकळी जागा' होते. ते गैरहजर असले की नाव आणि गाव एकमेकांवर आदळत. मी तीन महिने टिंब जेपीजी होतो. मला बढती मिळाली नाही.

बाहेरून ये-जा करणारे लोक खिडकीत उभे राहून पाहत. एकानं विचारलं, "दीदी, ये कौन सा योग है?" मंदाताई म्हणाल्या, "कॉम्प्युटर."

वर्गाला काम मिळालं ते मंडळाच्या जुन्या फोटोंचं. गणेशोत्सवातले, नाटकांतले, माजी अध्यक्षांचे, असे एकेका माणसाचे छत्तीस फोटो. पण ढोमण्यांना हे पान कशासाठी हवं होतं, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे. छत्तीसांत एक फोटो त्यांच्या धाकट्या भावाचा होता. वसंत. एकोणिसाव्या वर्षी वडिलांशी भांडण झालं आणि तो भरदुपारी घरून निघाला. त्या दुपारी यार्डात ड्यूटी ढोमण्यांची होती. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला गर्दीमुळे जादा डबा लागणार होता, तो त्यांनीच जोडला. वसंत त्याच डब्यात चढला, असं एका हमालानं नंतर सांगितलं. याची खात्री झालेली नाही. सत्तेचाळीस वर्षांत पत्र नाही, निरोप नाही.

त्याचा एकच फोटो उरला होता, मंडळाच्या नाटकातला. भालदाराच्या वेशात, मिशी किंचित वाकडी. ढोमण्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "तोंड शोधता येत नाही भैया. पण तोंडाच्या मागे लिहिलेलं नाव शोधता येते. म्हातारपणी माणूस कधीतरी आपलं नाव टाकून पाहतेच. टाकलं, तर आपलं पान निघालं पाहिजे."

आता त्या रविवारचं. पान शुक्रवारी संध्याकाळी इंटरनेटवर चढवलं होतं. समारंभासाठी तेच पान पेन ड्राइव्हवर घेऊन हॉलमधल्या, प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपवर लावलं. पान आलं, फोटोंचं फोल्डर वर्गातल्या संगणकावरच राहिलं. इंजिन आलं, डबे मागे. त्यामुळे पडद्यावर एकही चित्र उमटलं नाही. छत्तीस रिकाम्या चौकटी आल्या आणि प्रत्येकीत ती दुसरी, एरवी न दिसणारी चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीच्या सुरुवातीला 'कै.' होतं.

कारण साधं होतं. यादीत सुरुवातीला मंडळाचे संस्थापक होते आणि ते सगळे गेलेले. मंदाताईंनी उपाधीच्या डब्यात एकदा 'कै.' भरलं आणि तो डबा बदलायचा राहिला. पुढे जो आला त्याला तोच जोडला गेला. फोटो नीट दिसत होते, म्हणून मागचा मजकूर कोणी तपासला नाही.

पहिल्या रांगेत माजी अध्यक्ष भाऊसाहेब कोल्हे बसले होते. वय एक्याण्णव. भजी तेच खात होते. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, उरलेलं भजं बशीत ठेवलं आणि विचारलं, "अरे भैया, मला पोचवलं केव्हा? तेराव्याला बोलावलं बी नाही!"

हॉल हसला. मंदाताई रडायला लागल्या. ढोमणे पुढे आले. "शंटिंग माझी, चूक माझी. बाईंना कोणी काही म्हणू नका." मग ते परत पडद्याकडे वळले. तळाच्या ओळीत 'कै. वसंत गोपाळराव ढोमणे, जबलपूर' असं होतं. ती चौकट त्यांनी हातानं झाकली. लॅपटॉप बंद करायचं बराच वेळ कोणाला सुचलं नाही. ढोमणे तसेच उभे होते आणि अक्षरं त्यांच्या हातावर पडली होती.

भाऊसाहेबांनी सोमवारी स्वतःच्या निधनाची बातमी पंधरा जणांना फोन करून सांगितली. ढोमण्यांनी पान रविवारी दुपारीच इंटरनेटवरून उतरवलं होतं; त्यांनी दुसरेच फोन केले. पानाला किती जणांनी भेट दिली हे मोजणारा एक आकडा खाली होता. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, एकोणीस. हे एकोणीस कोण, याचा शोध त्यांनी सुरू केला.

"तुम्ही पाहिलं का शुक्रवारी?"

"पाहिलं मास्तर. छान आहे."

"किती वेळा?"

"एकदा."

"पक्कं? दोनदा नाही ना?"

मंदाताई त्यांना म्हणाल्या, "मास्तर, वर फोटो दिसत होता. मागचं कोण वाचून राहिलं?"

"जो शोधून राहिला तो तेच वाचते, बाई. कोणी आपलं नाव टाकलं आणि पुढे कै. निघालं, तर तो काय समजेल? घरच्यांनी माझ्या नावानं पाणी सोडलं, असं समजेल. मंग कशाला येईल?"

गुरुवारपर्यंत सतरा जण सापडले. दोन सापडले नाहीत.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. हजर सात जण, ढोमणे आणि भाऊसाहेब त्यांत होते. कार्यवृत्त मी लिहिलं. सचिव सुषमाताई तांबे वकील आहेत. त्यांनी छत्तीस नावांची यादी समोर ठेवली आणि नियम सांगितला: प्रत्येक नावाआधीची उपाधी कार्यकारिणी ठरवेल, ती बैठकीत नोंदली जाईल, आणि ज्याची ठरणार नाही तो फोटो पानावरून निघेल. पुन्हा हसं नको. नियम मंजूर झाला. ढोमण्यांनीही हात वर केला. पस्तीस नावं वीस मिनिटांत झाली. भाऊसाहेबांच्या नावाशी ताई थांबल्या, तेव्हा ते म्हणाले, "तूर्तास श्री. लिहा."

"वसंत गोपाळराव ढोमणे," ताईंनी वाचलं. "मास्तर, काय लिहू?"

"थांबा जरा."

"थांबून काय होईल? राग मानू नका, पण सात वर्षं खबर नसली तर कायदा माणसाला गेलेला धरतो. तुमची सत्तेचाळीस झाली."

"कायद्याला भाऊ नसते, ताई."

"अच्छा, मग श्री. लिहून देते. कोण विचारून राहिलं?"

ढोमण्यांनी मान हलवली. "नाही. तो आहे, असं मला माहीत नाही. माहीत नसताना हिरवं निशाण मी सदतीस वर्षांत कधी दाखवलं नाही."

"लाल पण नको, हिरवं पण नको. मग नियमानं फोटो काढावा लागेल मास्तर. आत्ताच तुम्ही हात वर केला."

"हो. केला."

ताईंनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं. भाऊसाहेब खिडकीकडे पाहत होते. ढोमण्यांनी यादीचा कागद स्वतःकडे ओढला, वसंतच्या नावाआधीच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले,

"चि. लिहा."

"चिरंजीव?" ताईंनी विचारलं. "मास्तर, ते सहासष्टचे असतील आज."

"माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे तो."

"पत्रिकेत मुलांना लिहितात ते..."

"मोठ्यानं धाकट्याला लिहावं. धाकटा कितीबी मोठा झाला तरी. ते खबरीवर नसते ताई. ते आपण म्हणायचं असते."

ताईंनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब म्हणाले, "लिहून टाक बाई."

कार्यवृत्तात नोंद अशी आहे: वसंत गोपाळराव ढोमणे यांचा फोटो 'चि.' या उपाधीसह पानावर ठेवावा. बाजूने सात. विरोधात कोणी नाही.

दुरुस्त पान त्याच दिवशी बारा वाजून वीस मिनिटांनी चढवण्यात आलं.