सिंगापुरात घर कमी तापवण्याची मोहीम

ऊर्जेची बचत करायची, तर ती आधी खर्च होत असावी लागते. हे तत्त्व वरवर साधं दिसतं, पण ते सिद्ध करायला सिंगापुरातल्या तोआ पायोह भागात राहणाऱ्या प्रबोध गांगुर्डे यांना स्वतःचा फ्लॅट भट्टीसारखा तापवावा लागला.

प्रबोध ज्या कंपनीत इंजिनीयर होते, तिचं मुख्यालय युरोपातल्या एका गारठलेल्या शहरात होतं. तिथून फर्मान निघालं: प्रत्येक कर्मचाऱ्याने घरातलं हीटिंग कमी करावं आणि किती बचत झाली ते कळवावं. प्रबोध यांनी प्रामाणिकपणे कळवलं, की सिंगापुरात घरं तापवत नाहीत. ती तापलेलीच मिळतात. मुख्यालयाने याची गांभीर्याने दखल घेतली (म्हणजे प्रबोधना सिंगापूर शाखेचे 'उष्मा-संयम समन्वयक' नेमलं) आणि विचारलं, "आपला वापर शून्य आहे. शून्यातून बचत कशी दाखवणार?"

शाखेचे साहेब विश्वास मोघे यांनीही जाता जाता खांद्यावर हात ठेवला. "बढतीची नावं लवकरच ठरतायत, प्रबोध. बघा काहीतरी."

प्रबोधनी बघितलं. दुकानांत रूम हीटर मागितला, की विक्रेते आधी एअरकंडिशनर दाखवत आणि मग सहानुभूती. शेवटी हीटर मिळाला तो त्यांचे स्नेही नागसेन यांच्याकडे. नागसेन संशोधक. पूर्वी जर्मनीत होते, आणि तिथला हीटर टाकवत नाही म्हणून पलंगाखाली ठेवून होते.

"हवाय कशाला?"

"बचत करायचीय."

नागसेननी हीटर पलंगाखालून ओढून दिला. (संशोधकांना अशा उत्तरांची सवय असते.)

योजना निर्दोष होती. महिनाभर हीटर चालवायचा, मग बंद करायचा. बचत आपोआप तयार. उकाडा असह्य होऊ नये म्हणून सोबत एसीही लावायचा. मुख्यालयाने एसीबद्दल काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे ती वीज जळली तरी खर्च होत नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी एसीने हीटरपुढे हात टेकले, तेवढ्यात प्रबोध यांची बायको प्रणिता ऑफिसातून आली. तिने चपला काढल्या आणि परत घातल्या.

"प्रबोध, हे काय पेटवून ठेवलंयस?"

"मोहीम आहे."

"कसली?"

"ऊर्जाबचतीची."

तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ तापलेलं होतं, पण त्यावरून काही ठरत नव्हतं; भिंतही तापलेली होती. त्यांच्या मुलीने, इराने, शाळेचे मोजे ओढून काढत निकाल दिला, "बाबा, सो हॉट लाह!" शेजारचे टॅन अंकल पाण्याची बादली घेऊनच दारात हजर झाले.

थोड्याच दिवसांत इराचे रंगखडू डब्यातल्या डब्यात एकजीव झाले. मग प्रणिताने बॅग भरली आणि इराला घेऊन ती शहरातल्याच बुकित पंजांगला, मीनल नावाच्या मैत्रिणीकडे राहायला गेली.

"बचत सुरू झाली की फोन कर," एवढंच म्हणाली.

प्रबोध बनियनवर हीटरसमोर बसून राहिले. घरात एवढी ऊब असूनही त्यांना करमेना.

महिना संपला, हीटर बंद झाला. बचत शंभर टक्के! जगभरातल्या कुठल्याही शाखेत एवढा संयम कुणी दाखवला नव्हता. प्रणिता आणि इरा परतल्या, बढती मिळाली, सत्कार झाला. सभागृहाचा एसी असा होता, की लोक टाळ्या वाजवत होते की हात चोळत होते, ते कळत नव्हतं. मुख्यालयाहून आलेल्या बाईंनी प्रणिताला आपुलकीने विचारलं, "या सगळ्यात कठीण काय गेलं? हीटर बंद करणं?"

"चालू ठेवणं," प्रणिता म्हणाली.

सभागृह हसलं. बाईंनी तिच्या विनोदबुद्धीचं कौतुक केलं आणि पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट जाहीर केलं: यंदापेक्षा जास्त.

एमआरटी मेट्रोतून घरी जाताना प्रबोध बोटांवर हिशेब करत होते. मग म्हणाले, "आणखी एक हीटर लागेल."

"मग आणखी एक बायकोही बघ."

दुसऱ्याच दिवशी प्रबोध यांनी समन्वयकपद सोडलं आणि हीटर नागसेनना परत नेऊन दिला. त्या पदावर निशिकांत नावाचे होतकरू गृहस्थ आले. त्याच आठवड्यात त्यांनी नागसेन यांच्या दाराची बेल वाजवली.

तुम्ही हसताय. खुशाल हसा. पण आधी ते 'अर्ध्या किमतीत मिळालं, केवढे वाचले!' म्हणून घरी आणलेलं आणि पहिल्या रविवारनंतर माळ्यावर गेलेलं रोटीमेकर खाली उतरवा. प्रबोधनी हीटर निदान महिनाभर तरी वापरला होता.