तयारीस प्रारंभ करण्याबाबत

कुलूपवाल्यांच्या धाकट्याने सल्लागार व्हायचे ठरवले, तेव्हा घरात कुणीही विरोध केला नाही. दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायचे आणि त्याचे पैसे त्या दुसऱ्यानेच द्यायचे, हा व्यवसाय वडिलांना पहिल्यापासून सन्मान्य वाटत आला होता. त्यांच्या स्वतःच्या दुकानात कुलपे, किल्ल्या, कड्या आणि बिजागऱ्या विकल्या जात. म्हणजे अलीकडे विकल्या जात नसत, पण ठेवलेल्या असत. दुकान फार काळ तग धरेल असे दिसत नव्हते. धाकट्याला नोकरी लागली तर घर सावरणार होते, म्हणून सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

अडचण एकच होती. सल्लागार कंपन्यांच्या मुलाखतीत उमेदवारासमोर एखाद्या धंद्याचे दुखणे मांडतात आणि त्याने ते बोलता बोलता सोडवून दाखवायचे असते. याला केस म्हणतात. केसची तयारी करावी लागते, याबद्दल दुमत नव्हते. ती कधी सुरू करावी, याबद्दल मात्र जाणकारांत तट पडले होते. अर्जाआधी तयारी करणारे म्हणत, बोलावणे आल्यावर जागे होणारे बुडतात. बोलावणे आल्यावर जागे होणारे म्हणत, आधीपासून घोकणाऱ्यांची उत्तरे शिळी लागतात. धाकट्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि तो वेळतज्ज्ञांकडे गेला.

वेळतज्ज्ञ पूर्वी स्वतः सल्लागार होते. ती नोकरी सोडून ते आता तयारी कधी सुरू करावी, एवढ्यावरच सल्ला देत. कशी करावी हे ते सांगत नसत. तो विभाग शेजारच्या खोलीत होता आणि त्याची फी वेगळी होती.

"लवकर सुरू केलीस, तर ऐन मुलाखतीला उतरणीला लागशील," वेळतज्ज्ञ म्हणाले. "उशिरा केलीस, तर कच्चा राहशील. तयारी टिपेला पोहोचायची ती बरोबर मुलाखतीच्या दिवशीच."

"मग मुलाखतीची तारीख कळली की सुरू करतो."

"शाबास!"

"पण तारीख अर्ज केल्यावरच कळते ना?"

"अर्थात."

"मग आजच अर्ज करून टाकतो."

वेळतज्ज्ञांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तयारी नसताना अर्ज? आणि उद्याच बोलावलं तर?"

तारखेशिवाय तयारी नाही, तयारीशिवाय अर्ज नाही आणि अर्जाशिवाय तारीख नाही. इतकी निर्दोष योजना त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. तो समाधानाने घरी आला आणि शिस्तीत काहीही न करण्याच्या कामाला लागला.

हे काम वाटते तितके सोपे नसते. चुकूनही तयारी होऊन जाऊ नये म्हणून फार जपावे लागते. वर्तमानपत्रातले व्यापाराचे पान आई सकाळीच काढून डब्यांच्या फळीवर अंथरी. विमा कचेरीत नोकरी करणारी ताई साहेबांची गाऱ्हाणी सांगू लागली, की धाकटा कानांत बोटे घालून गच्चीवर जाई. वडील शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत, "आमचा मुलगा लवकरच तयारी सुरू करणार आहे." शेजारी आपल्या मुलांकडे रागाने बघत, कारण ती बिचारी नुसती अभ्यास करत होती.

एके दिवशी वडील म्हणाले, "अरे, जरा दुकानात येऊन बस. गिऱ्हाईक दारापर्यंत येतं आणि परत जातं. काय बिनसलंय ते बघ तरी."

"बाबा, आत्ता नको. खरी केस हातात घेतली तर मी वेळेआधीच टिपेला पोहोचेन."

वडिलांना ते पटले. ते एकटेच दुकानात गेले. दुकानाचे काचेचे दार लाकडी चौकटीत अडकत असे. ते किंचित वर उचलायचे, खांद्याने रेटा द्यायचा, की उघडे. घरच्यांच्या ते इतके अंगवळणी पडले होते, की दार अडकते हेच सगळे विसरून गेले होते. एकट्या आईने एकदा सुताराचे नाव काढले होते. तेव्हा वडील म्हणाले होते, "गिऱ्हाईक वाढू दे, मग बोलावू सुताराला." खाण तशी माती म्हणतात, ते काही उगाच नाही.

अर्जाची मुदत संपत आली, तसा ताईचा संयम सुटला. तिने परस्पर धाकट्याचा अर्ज भरून टाकला. कंपनीने त्याला लागलीच दुसऱ्या दिवशी बोलावले. घरात हाहाकार उडाला. धाकट्याने वेळतज्ज्ञांना फोन लावला.

"घात झाला!" वेळतज्ज्ञ म्हणाले. "आता एकच उपाय. काहीही विचारलं तरी लगेच उत्तर देऊ नकोस. येत असलं तर मुळीच देऊ नकोस."

मुलाखतीला समोर तिघे होते. मधल्या बाई सगळ्यांच्या साहेब होत्या. त्या म्हणाल्या, "एक छोटं दुकान आहे. माल चांगला, भाव रास्त. तरी लोक दारापर्यंत येतात आणि परत जातात. काय कारण असेल?"

धाकट्याच्या डोळ्यांसमोर घरच्या दुकानाचे दार लख्ख उभे राहिले. ते वर उचलणारे, खांदा लावणारे वडील दिसले. अरे देवा, एवढेच होते तर! त्याला हसू आले, आणि पाठोपाठ रडूही. दार अडकत असेल, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याला वेळतज्ज्ञ आठवले आणि त्याने ते गिळले.

"या टप्प्यावर कारण सांगणं घाईचं होईल," तो म्हणाला. "कारण केव्हा शोधावं, हे आधी ठरवावं लागेल. त्यासाठी बाजाराचा, गिऱ्हाइकांचा आणि दुकानदाराच्या मनोवृत्तीचा अभ्यास करू. तोवर दुकानदाराने धीर धरावा."

"पण नुसतं दार अडकत असेल तर?" कोपऱ्यातल्या नव्या साहेबांनी विचारले.

बाईंनी त्यांच्याकडे कीव करत पाहिले. "दार सुतार तासाभरात दुरुस्त करतो. उरलेल्या वर्षाचं बिल आपण कशाचं लावायचं?" मग त्या धाकट्याकडे वळल्या. "रुजू कधी होताय?"

"योग्य वेळी," धाकटा म्हणाला. तिघांनीही उठून त्याच्याशी हात मिळवला.

संध्याकाळी तो थेट दुकानात गेला. दार उचलले, रेटा दिला, आत आला. वडिलांनी त्याला पोटाशी धरले. मग हळूच विचारले, "आता तर तू कंपनीचा माणूस झालास. आता तरी सांग, दुकानाचं काय बिनसलंय?"

धाकट्याचा हात अजून दारावरच होता. त्याला फार वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. पण दुपारीच सही केलेल्या कंपनीच्या करारात स्पष्ट म्हटले होते, की फुकट सल्ला कुणालाही द्यायचा नाही, नातेवाइकांना तर नाहीच नाही.

"कळलंय मला, बाबा. पण आता सांगता येणार नाही. नियम आहे."

वडिलांची छाती अभिमानाने फुगली. घरच्यांनाही सांगता येऊ नये, इतके मोलाचे कारण आपल्या दुकानापाशी असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. ते सगळ्या गल्लीला हे सांगत फिरले.

दुकान पुढे लवकरच बंद झाले. शेवटच्या दिवशी वडिलांनी फळीवरचे सगळ्यात भक्कम कुलूप निवडून दाराला लावले. त्याची तशी गरज नव्हती, कारण दार एरवीही उघडत नव्हतेच. येणाऱ्याजाणाऱ्यांना काही फरक जाणवला नाही.

तुम्हालाही जाणवला नाही. मागे तुम्ही तिथे जादाची किल्ली करून घ्यायला आला होतात, आठवते? दार ढकललेत, ते उघडले नाही. काचेतून आत दिवा दिसत होता, गल्ल्यावर बसलेले वडील दिसत होते. काचेवर टकटक करायचा अवकाश होता. पण तुम्ही म्हणालात, "असू दे, परत कधीतरी सवडीने येऊ." ती किल्ली तुम्ही अजून करून घेतलेली नाही.