आठ-शून्यचा फ्लेक्स

रुपा कुणालाही काहीही पटवू शकते, हे म्हसावदच्या शाळेत नववी 'ब'मध्ये सर्वमान्य होतं. निदान रुपाला तरी तसं वाटायचं. गणपतीनंतर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, बक्षीस म्हणून स्टीलचा जग मिळाला आणि तेव्हापासून तिची मान जी वर गेली ती खाली यायचं नाव घेईना. घरात भाजी मागायची तरी ती "उपस्थित मान्यवर" म्हणून सुरुवात करते, अशी तिच्या आईची, शीलाची, तक्रार होती.

त्यामुळे सोनमचा प्रश्न निघाला तेव्हा रुपा बाकावरून ताडकन उठली.

"गुलाबसिंग काकांना पटवायचं काम माझ्याकडे. पाच मिनिटं. सहावं लागलं तर माझं नाव बदला!"

प्रश्न साधा नव्हता. भूपेश सरांनी यंदा पहिल्यांदाच मुलींचा फुटबॉल संघ काढला होता आणि नोव्हेंबरअखेर नंदुरबारला जिल्ह्याची स्पर्धा होती. सोनम त्या संघाची गोलकीपर. तोरणमाळकडची, वसतिगृहात राहणारी, बोलायला अगदी कंजूष. पण चेंडू तिच्या हातात असा जाऊन बसायचा, जसं संध्याकाळी वासरू गोठ्यात जातं. तिचे वडील गुलाबसिंग दिवाळीनंतर सगळं घर घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जात. यंदा सोनमही जाणार होती, भाकऱ्या थापायला. गेली की शाळा सुटणार, आणि एकदा सुटलेली शाळा पोरींना सहसा परत सापडत नाही.

शिवाय सोनम गेली तर गोलमध्ये कोण? एकदा रुपाला उभं करून पाहिलं होतं. चेंडू आला तेव्हा तिने अत्यंत आदराने बाजूला होऊन त्याला आत जाऊ दिलं.

भाषणात मोठं उदाहरण लागतं, हे रुपाला ठाऊक होतं. तिने भूपेश सरांकडे देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघाची माहिती मागितली. सर चार दिवसांच्या प्रशिक्षणाला धुळ्याला निघण्याच्या घाईत होते. त्यांनी मोबाइलवर पान उघडून दिलं आणि म्हणाले, लिहून घे पटकन, बस येईल.

रुपा लिहू लागली. दोन हजार बावीस, भुवनेश्वर, सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक. भारत यजमान, आणि या स्पर्धेत पहिल्यांदाच. इथपर्यंत तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. मग निकाल आले. अमेरिकेशी शून्य-आठ. मोरोक्कोशी शून्य-तीन. ब्राझीलशी शून्य-पाच.

रोमांच आल्या वाटेने परत गेले. एकूण सोळा खाल्ले, एकही केला नाही. हे ऐकून कुठला बाप मुलीला मागे ठेवील? तो तर मुलीसोबत शाळेची घंटाही उसाच्या ट्रकमध्ये टाकून नेईल! रुपाने हताश होऊन मोबाइल हातात फिरवला. आकडे इंग्रजी होते. मोबाइल उलटा झाला, आणि शून्य-आठचं आठ-शून्य झालं.

रुपा त्या आकड्याकडे बघत राहिली. किती शोभून दिसत होता!

बाजाराच्या दिवशी गुलाबसिंग जीपने घाट उतरून आले. खरेदी आटोपून शाळेच्या फाटकाशी लिंबाखाली बसले, शेजारी सोनम. घरी ते पावरी बोलत आणि खाली आले की मोजकं मराठी. रुपाने सुरुवात केली. विश्वचषक झाला, भुवनेश्वर झालं, आपल्याच वयाच्या मुली, अंगात निळा शर्ट.

"किती झाले?" गुलाबसिंगांनी विचारलं.

रुपाने मान आणखी वर केली. मग ती म्हणाली, "अमेरिकेशी आठ-शून्य, मोरोक्कोशी तीन-शून्य, ब्राझीलशी पाच-शून्य."

कुणाचे आठ आणि कुणाचं शून्य, हे तिने सांगितलं नाही. पण तिचा चेहरा इतका विजयी होता की विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

गुलाबसिंगांनी खरेदीची पिशवी उचलली. रविवारी येऊन सांगतो, एवढं बोलून ते जीपकडे गेले. सोनमने मात्र रुपाचा हात घट्ट धरला. जी मुलगी हजेरीलाही नुसता हात वर करायची, ती म्हणाली, "आठ? अमेरिकेला? मग आपल्यालाही जमंल गं."

रुपाने आपला हात हळूच सोडवून घेतला. घंटा झाली वाटतं, असं म्हणाली; घंटा झाली नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं. पण लिंबाच्या पलीकडे पानटपरी होती आणि टपरीवर उपसरपंच हेमराज आप्पा उभे होते. आप्पांना फ्लेक्स लावायचा नाद. गावाचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होऊन आला, तेव्हासुद्धा बसस्टँडवर ट्रान्सफॉर्मरचं हार्दिक अभिनंदन लागलं होतं, काळा गॉगल घातलेल्या आप्पांच्या फोटोसह. सहा आठवडे त्यांना कुठलंच निमित्त मिळालं नव्हतं. आणि इथे आयती अमेरिका हरलेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी रुपाच्या घरून तिचा माइक धरलेला फोटो मागवला, तेव्हा तिला कळलं. ती धावत त्यांच्याकडे गेली. फ्लेक्स नको आप्पा, खेळाडूंना प्रसिद्धीने दडपण येतं, असं काहीबाही सांगू लागली.

"बेनर छापाले गयं, बेटा," आप्पा म्हणाले. मग जरा जवळ सरकून, "फक्त आकडा बाकी शे. आठना दहा करी देऊत का? दहा-शून्य भारी दिखी."

रुपाने आठच ठेवायला सांगितलं. त्या दिवशीचा तिचा प्रामाणिकपणा एवढाच.

शनिवारी फ्लेक्स लागला. बारा फूट. वर गॉगलमध्ये आप्पा, त्यांच्या खाली चौदा शुभेच्छुक, त्यांच्याही खाली मुंग्यांच्या रांगेएवढा शाळेचा संघ, आणि उजव्या कोपऱ्यात माइक धरून हसणारी रुपा, 'मार्गदर्शक'. मध्ये लाल अक्षरांत: अमेरिकेला ८-०, मोरोक्कोला ३-०, ब्राझीलला ५-०, एकूण सोळा गोल. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर संघाचा सत्कार. गावात मोबाइल घरोघरी होते, पण फ्लेक्सवर छापलेलं खरं की खोटं ते मोबाइलवर बघावं, असं कुणालाही सुचलं नाही. शेजारणी शीलाला म्हणू लागल्या, तुमच्या पोरीने नाव काढलं. शीला खुश होऊन ज्याला त्याला त्या स्टीलच्या जगातून पाणी देऊ लागली. रुपाने तीनदा आईला खरं सांगायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्या तोंडात पेढा आला.

रविवारी सकाळची पहिली बस आली. भूपेश सर उतरले ते नेमके फ्लेक्ससमोर. वाचता वाचता त्यांनी बॅग खाली ठेवली. वाचून संपलं तेव्हा ते स्वतः बॅगेवर बसले.

मैदानावर सगळं गाव जमलं होतं. गुलाबसिंग आले, पाड्यावरची सात माणसं जीपमधून घेऊन आले आणि मागे उभे राहिले. सोनम हातमोजे घालून गोलपोस्टजवळ उभी होती, चेहरा असा उजळलेला की रुपाला तिकडे बघवेना. आप्पांनी वीस मिनिटं अमेरिकेचा समाचार घेतला आणि मग रुपाला माइककडे बोलावलं. भूपेश सर तिच्याजवळ आले. रागावले नाहीत, तेच वाईट झालं.

"तू सांगतेस की मी सांगू?" त्यांनी हळूच विचारलं.

रुपाने माइक हातात घेतला. उपस्थित मान्यवर राहिले, आदरणीय राहिले.

"ते आठ गोल आपण नाही केले," ती म्हणाली. "आपल्यावर झाले. तीनही. पाचही. मी उलटं सांगितलं."

रस्त्यापलीकडच्या चक्कीचा पट्टा ऐकू येऊ लागला.

"मंग आपला कितला?" आप्पांनी विचारलं.

"शून्य, आप्पा."

आप्पांनी गॉगल काढला. हे शून्य छापून तरी कसं आणायचं, असा त्यांचा चेहरा झाला होता. शीलाने पदर तोंडाला लावला. रुपाला वाटलं, आत्ता भूकंप झाला तर किती सोयीचं होईल. झाला नाही.

तेवढ्यात गुलाबसिंग गर्दीतून पुढे आले.

"त्या पोरी," ते म्हणाले, "आठ झाल्यावर घरी निघून गेल्या?"

"नाही, काका. तीन दिवसांनी मोरोक्कोशी खेळल्या."

"आणि तिथे तीन झाले. मग?"

"मग परत तीन दिवसांनी ब्राझील."

"ब्राझील मोठी?"

"फुटबॉलमध्ये लई मोठी, काका."

गुलाबसिंगांनी मान हलवली. मनाशी काहीतरी मोजलं आणि मग सावकाश बोलले. "मी आज नाही म्हणायला आलो होतो. चार दिवस विचार केला. आपण सोळा मारतो, समोरचा एक पण मारत नाही, तर गोलमध्ये पोरगी उभी करायची कशाला? तिथे खुर्ची ठेवली तरी चालंल." ते सोनमकडे वळले. "सोळा झाले म्हणते. मग तर गोलमध्ये माणूस पाहिजे. ही राहील."

टाळ्या पडल्या, सर हसले, आप्पांनी ताबडतोब गॉगल चढवून निर्णयाचं स्वागत केलं. रुपाला मात्र आता हिशेब उमगला. आपल्या खोट्याने सोनम उसाच्या ट्रकमध्ये जवळजवळ चढलीच होती!

ती गोलपोस्टपाशी गेली. सोनम हातमोज्यांची पट्टी सोडत होती, पुन्हा लावत होती.

"मला तरी सांगायचं," सोनम म्हणाली. "आठ ऐकून मी पळाली असती, असं वाटलं तुला?"

पुढचे नऊ दिवस सोनम तिच्याशी बोलली नाही. रुपा रोज सरावाला जाऊन तिच्या गोलवर चेंडू मारत राहिली आणि सोनम एकेक चेंडू न बोलता परत फेकत राहिली. दहाव्या दिवशी सोनम म्हणाली, "जरा जोरात मार ना." रुपाला तो स्टीलच्या जगापेक्षा मोठा सन्मान वाटला.

स्पर्धेत संघ पहिल्याच सामन्यात हरला. शून्य-दोन. सोनमने अकरा चेंडू अडवले, आणि नंदुरबारच्या एका सरांनी तिचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. परतताना बसस्टँडवर आप्पा उभेच होते. काय झालं, त्यांनी विचारलं. रुपाने सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं, "शून्य-दोन, आप्पा. शून्य आपलं."

आप्पांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उलटं छापं ते कोनले समजी?"

रुपा घरी गेली. अंगणात मिरच्या वाळत होत्या, त्या गोळा करायच्या होत्या. मिरच्यांखाली तोच फ्लेक्स होता. चांगलं बारा फुटांचं कापड वाया जाऊ नये म्हणून शीलाने तो आप्पांकडून मागून आणला होता. रोज सकाळी रुपा आधी आठ-शून्यवर मिरच्या पसरायची, मग बाकीच्यावर. आता त्या भरताना एकेक आकडा उघडा पडत गेला. तीन, पाच, आठ, आणि शेवटी कोपऱ्यात माइक धरून हसणारी ती स्वतः.

"काय व्हयनं वं? रडी का ऱ्हायनी?" शीलाने ओट्यावरून विचारलं.

"काही नही," रुपा म्हणाली. "डोयामा मिरची गयी."

तेवढं एक खोटं तिने ठेवलं.