सावलीचा हात भरून येतो

त्या दिवशी सकाळपासून आभाळ मळभ धरून बसलं होतं. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, वाराही नव्हता. अशा उजेडात माणसाची काय, झाडाचीही सावली पडत नाही. पण दस्तगीर चाचांच्या भिंतीवर खुन्याची सावली कोयता उगारून उभीच होती, कारण शूटिंग संपल्यावर तिला बरोबर न्यायचं पोरं विसरली होती.

पोरं म्हणजे कॉलेजातली ऋजुता शेवाळे आणि हर्षद बागल. त्यांना थ्रिलर सिनेमा करायचा होता, पण सगळा नाही, नुसती सुरुवात. सरांनी सांगितलं होतं, दोन मिनिटांत माणसाला धडकी भरली पाहिजे, पुढचा सिनेमा करायची गरज नाही. चाचांना याचं जरा नवल वाटलं. ते पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हाच जन्मभराचा धंदा. अर्धी भरलेली गादी कुणी घरी नेत नाही. पण ज्याच्या त्याच्या कामाची रीत निराळी असते, म्हणून ते काही बोलले नाहीत.

पोरांना चाचांची भिंत आवडली होती. लांबलचक, कोरी, ना खुंटी ना तसबीर. चाचांनी भिंतीकडे पाठ करून उशी शिवत बसायचं आणि मागं वळून बघायचं नाही. हर्षदनं मोठ्या दिव्यापुढं पुठ्ठ्याचा कोयता उगारून उभं राहायचं. सावली भिंतीवर पडली, हात वर गेला, आणि तिथंच सिनेमा संपला. म्हणजे सुरू झाला.

मग पोरांनी दिवा विझवला, वायरी गुंडाळल्या, चहा घेतला आणि पाया पडून निघून गेली. हर्षदची रोजची सावली हर्षदबरोबर गेली. ही सिनेमासाठी केलेली होती, ती राहिली.

चाचांनी आधी मनाला लावून घेतलं नाही. पोरं धांदरट, आठवण झाली की येतील न्यायला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी उशीचा अभ्रा झटकताना त्यांचं लक्ष गेलं, तर सावलीचा उगारलेला हात थरथरत होता.

चाचा खाली बसले. उमेदीच्या दिवसांत दारोदार पिंजण घेऊन फिरायचे, तेव्हा संध्याकाळी खांद्यातून कशी कळ निघते ते त्यांच्या अंगात अजून होतं.

"खाली घे, बाळा," ते भिंतीला म्हणाले. "इथं कोण बघतंय?"

सावलीनं हात खाली घेतला नाही. तिला वर धरायला सांगितलं होतं.

मग चाचांनी वाटीत तिळाचं तेल कोमट केलं आणि भिंतीवर जिथं सावलीचा खांदा होता तिथं हळूहळू चोळलं. भिंतीनं तेल पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी परत चोळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका पिशवीत मऊ कापूस भरला, भिंतीत खिळा मारला आणि पिशवी बरोबर सावलीच्या कोपराखाली येईल अशी बांधली. सावलीनं बराच वेळ काही केलं नाही. मग कोपर थोडं खाली आलं आणि पिशवीवर टेकलं.

हे सगळं शेजारच्या शालनला पसंत नव्हतं. तिच्या आणि चाचांच्या घरात भिंत एकच. चाचांची बीबी वारल्यापासून त्यांची दुपारची भाकरी शालनच्या तव्यावरची असायची. पण सावली राहिल्यापासून ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"चाचा, भाकरी घ्या."

"आत ये की."

"मी न्हाई बाई. कोयता हाय तिच्या हातात."

"पुठ्ठ्याचा हाय त्यो."

"पुठ्ठ्याचा त्या पोरानं न्हेला. भिंतीवर हाय त्यो कशाचा, सांगा."

चाचांनी हात बाहेर काढून भाकरी घेतली.

"चुना मारून घ्या," शालन म्हणाली. "माझा भाचा येऊन मारून दील."

"चुन्यानं ती दिसायची न्हाई, शालन. पण चुन्याखाली हात वरच राहील की तिचा."

"म्हंजे तुमाला तिच्या हाताची पडलीय आन् मला माझ्या जिवाची."

"तुझ्या जिवाला काय झालं? ती माझ्यावर उगारलीय."

"ते बी खरंच," असं म्हणून शालन गेली.

तर त्या मळभाच्या दिवशी ऋजुता आणि हर्षद परत आले. ऋजुताच्या काखेत लॅपटॉप होता, हर्षदच्या खांद्यावर तो मोठा दिवा. चाचांना वाटलं, सावली न्यायला आली. पण ऋजुतानं आधी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढं धरला.

"चाचा, आमच्या सिनेमात हिचं कोपर खाली आलंय."

चाचांनी वाकून बघितलं. पडद्यावर ते स्वतः उशी शिवत बसले होते आणि मागं सावलीचं कोपर टेकलेलं होतं.

"सरांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, सगळा सिनेमा या हातात आहे," ऋजुता म्हणाली. "आता बघा. खून करायला आलाय का गप्पा मारायला, काही कळत नाही."

मग तिनं भिंतीकडे बघितलं आणि तिला पिशवी दिसली.

"मी बांधली," चाचा म्हणाले. "हात भरून आला होता तिचा."

दोघं पोरं भिंतीजवळ जाऊन पिशवी बघून आली. मग चाचांनी चटई टाकली, तशी बसली.

पोरं मूल्यमापनाला आली होती. चाचांनी विचारलं, मूल्यमापन म्हणजे काय. ऋजुता म्हणाली, आपण काय केलं, ते बरं झालं का वाईट, ते आपलं आपण सांगायचं.

"आपलं आपण?"

"हो."

"अवघड हाय," चाचा म्हणाले.

सरांचा नियम होता की ज्यानं ज्यानं सिनेमात काम केलं त्या प्रत्येकाला विचारायचं, आणि जिथं काम झालं तिथंच बसून विचारायचं. ऋजुतानं पेन काढलं.

"पुढं काय होईल अशी उत्सुकता निर्माण झाली का?"

"मी तर पाठ करून बसलेलो."

"नंतर, चाचा. इतके दिवस."

"झाली की. रोज उठून बघतो, हात उतरला का."

ऋजुतानं लिहिलं: झाली. "भीती वाटली का?"

चाचांनी विचार केला. त्यांना घाई करायची सवय नव्हती, आणि पोरांनीही केली नाही.

"तिची न्हाई वाटली," ते म्हणाले. "तिच्यासाठी वाटली."

"हे कुठं लिहू?" ऋजुतानं हर्षदला विचारलं.

"शेऱ्यात लिही," हर्षद म्हणाला. त्याचा हात मगापासून आपल्याच खांद्यावर होता. "माझा पण शेरा घे. तू कट म्हणेपर्यंतच मी हात वर धरला होता, तरी दोन दिवस खांदा ठणकत होता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोलणार होतो. तू म्हणालीस, अजून वर."

"छान दिसत होता," ऋजुता म्हणाली, आणि तेही तिनं लिहून घेतलं.

मग ती उठून भिंतीपाशी गेली. नियमाप्रमाणे सावलीलाही विचारायला हवं होतं. "तुमचं काही म्हणणं?" तिनं अदबीनं विचारलं. सावलीला तोंड नव्हतं. पिशवीवर टेकलेला हात तेवढा बारीक थरथरत होता. ऋजुतानं लिहिलं: थरथर.

परत येऊन बसली आणि पेनाचं टोपण लावत, काढत राहिली. "चाचा," ती म्हणाली, "सोमवारी परीक्षक सगळे सिनेमे बघणार. पहिला येईल तो पुण्याला जायचा. मला पुण्याला जायचंय. सोमवारपर्यंत ती पिशवी काढून ठेवाल का?"

चाचांनी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. सिनेमा पोरांचा, सावली पोरांची, आपली नुसती भिंत. ते उठले, खिळ्याला बांधलेली गाठ सोडली आणि पिशवी उशाशी ठेवली.

कोपराखालचा आधार गेल्याबरोबर सावलीनं हात परत वर नेला, पार आढ्यापर्यंत. कामाची इमानी होती. लॅपटॉपवरही हात वर गेला. मागं सावली, पुढं म्हातारा, आणि म्हाताऱ्याला काही पत्ता नाही.

"आता भरती का धडकी?" चाचांनी विचारलं.

"भरते," ऋजुता म्हणाली.

पण ती लॅपटॉप मिटेना. पडद्यावरचा हातही थरथरत होता.

"सोमवारनंतर काय करणार?" तिनं विचारलं.

"परत बांधीन की पिशवी."

"आणि सिनेमा पुण्याला गेला तर?"

"मग तितनं येईपर्यंत थांबू."

"आणि पुण्याहून आणखी पुढं गेला तर, चाचा?"

चाचांनी उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. हर्षद म्हणाला, "जेवढा चांगला निघेल, तेवढा जास्त दिवस वर."

त्यानं ते टोचून म्हटलं नव्हतं, हिशेब होता म्हणून म्हटलं. ऋजुतानं ते शेऱ्यात लिहिलं नाही. ती उठली, भिंतीसमोर सरळ उभी राहिली आणि शूटिंगच्या दिवशी म्हणाली होती त्याच आवाजात म्हणाली, "कट. हात खाली घ्या."

सावली तशीच राहिली.

"मी सांगूनही ऐकत नाही," ऋजुता म्हणाली.

"कसं ऐकणार?" हर्षद म्हणाला. "तू कट म्हणालीस तेव्हा माझ्या हातातला कोयता तू घेतलास, मग मी हात खाली केला. तिच्या हातातला कुणी घेतलाच नाही. कोयता टाकून द्यायचा कुठं तिनं?"

हे तिघांनाही पटलं. सावलीच्या हातातली वस्तू सावलीच्याच हातानं घ्यावी लागणार, हेही उघड होतं. हर्षदनं दिवा स्टुलावर ठेवला, वायर जोडली आणि दिव्यापुढं जायला निघाला. चाचांनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

"मी हुबा राहतो. उगारलाय माझ्यावर, मीच घ्यायला पायजे."

"चाचा, तुमचा हात वर जातो का?"

"सावकाश जातो," चाचा म्हणाले.

दिवा लागला. चाचांची सावली भिंतीवर पडली, टोपीसकट, जराशी पोक काढलेली. चाचांनी उजवा हात वर न्यायला सुरुवात केली. खांदा कुरकुरला. हर्षदनं दिवा हलू नये म्हणून स्टूल धरून ठेवलं. सावलीचा हात सावलीच्या हाताजवळ गेला, बोटं बोटांना लागली. खुन्याच्या सावलीनं कोयता लगेच सोडला नाही. चाचा तसेच उभे राहिले. "दे, बाळा," ते म्हणाले. "झालं काम. बेस झालं."

तेव्हा तिनं दिला.

चाचांनी कोयता धरून हात खाली आणला. कोपऱ्यात बीबीची जुनी ट्रंक होती, दिव्यानं तिचीही सावली पडली होती. त्या सावलीच्या आड चाचांच्या सावलीनं कोयता ठेवून दिला. हर्षदनं दिवा विझवला. चाचांची सावली गेली, ट्रंकेची गेली, तसा कोयताही गेला. खुन्याची सावली राहिली. तिचा हात हळूहळू खाली आला, अंगाला लागला, आणि भिंतीच्या कडेकडेनं सरकत ती खाली बसली.

तेवढ्यात ऋजुताचा फोन वाजला. सर होते. ते आपल्या घरी सिनेमा बघत होते.

"शेवाळे, तुमच्या सिनेमात दुसरी सावली आली आहे."

"हो सर. आत्ताच आली."

"मुदतीच्या आत आहे, त्यामुळे चालेल. तिची परवानगी घेतली आहे का?"

"ती चाचांची आहे, सर. देते त्यांना."

चाचांनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला.

"सावली आपली का?" सरांनी विचारलं.

"माझीच हाय."

"सिनेमात राहायला तिची हरकत नाही ना?"

"न्हाई. राहू दे. तिला काय काम हाय दुसरं?"

"तशी नोंद करतो. शेवाळेंना द्या." ऋजुतानं फोन घेतला. सर म्हणाले, "थराराचे गुण जातील. ज्याच्यावर कोयता उगारला तोच जर तो काढून घेत असेल, तर पुढं काय होणार याची काळजी कुणी करायची?"

"जाऊ देत, सर."

"पुण्याचं विसरा मग."

ऋजुतानं लॅपटॉप मिटला. "हो, सर," ती म्हणाली. मग ती दाराकडे तोंड करून बराच वेळ मळभाकडे बघत उभी राहिली. चाचांनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ती प्यायली, बसली आणि मूल्यमापनाचा शेवटचा प्रश्न वाचला. पुन्हा केलं तर काय वेगळं कराल? तिनं लिहिलं: कोयता घ्यायला माणूस ठेवू.

जाताना हर्षद भिंतीपाशी वाकला. "चला आमच्याबरोबर," तो सावलीला म्हणाला. सावली उठली नाही.

"बसू दे तिला," चाचा म्हणाले. "लई दिवस हुबं राहिलेलं अंग हाय."

पोरं गेली. चाचांनी उशाशी ठेवलेली पिशवी उचलली, थोडी थापटून सारखी केली आणि सावलीच्या पाठीशी लावून दिली. मग भिंतीला टेकून तिच्या शेजारी बसले. उशीचा राहिलेला टाका घालायचा होता, तो घालत राहिले. आभाळ काही मोकळं झालं नाही.

दिवेलागणीला शालन वाटीभर कालवण घेऊन आली. उंबऱ्याशी थांबली. तिनं भिंतीचा वरचा भाग बघितला, मग खालचा बघितला. चप्पल काढली, आत आली, वाटी चाचांपुढं ठेवली आणि दिवसभराची दमलेली कंबर धरून खाली बसायला वाकली.

"चाचा," ती म्हणाली, "तिला जरा पलीकडं सरकायला सांगा. मला बी टेकायचंय."